डॉक्टर, आता किती दिवस?

झाशीत कावीळ झाली की पहिली धाव अजूनही पुष्कळदा दवाखान्याकडे नसते. बुंदेलखंडात तिला 'पीलिया' म्हणतात आणि पीलिया 'झाडणारे' आजही सापडतात. रोग्याच्या हाताला कसलासा रस चोळायचा, चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला सांगायचे, पाणी पिवळे झाले की कावीळ निघाल्याचे जाहीर करायचे आणि गळ्यात मुळ्यांची माळ घालून घरी पाठवायचे. माळ लांबत लांबत नाभीपर्यंत आली की रोग उतरला! नेवाळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातले आजोबा अशी माळ घालून बसलेले दिसले, तर नवल वाटायला नको. पुण्या-नाशिककडच्या नातेवाइकांनी त्यांना हसण्याचेही कारण नाही. काविळीचे औषध देणारा 'गुणी माणूस' तिकडेही असतोच.

पाणी पिवळे होते ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग झाल्यामुळे, आणि माळ लांबते ती तिच्या सैल गाठी ओढल्या गेल्यामुळे. तरीही या मंडळींची कीर्ती टिकून आहे, कारण दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बरा झालेला रोगी जन्मभर माळेचे गुण गातो. जो बरा होत नाही, तो जाहिरात करायला उरत नाही.

एका काविळीत मात्र हे आठवडे फार महाग पडतात. वय पन्नाशी-साठीच्या पुढे. ताप नाही, पोटात दुखत नाही, पण डोळ्यांचा पिवळेपणा दिवसेंदिवस गडद होतो. लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी, शौचाचा रंग मातकट पांढरा, अंगाला रात्रभर खाज. पँटचा पट्टा दोन भोके आत गेलेला. न दुखणारी कावीळ म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि डॉक्टर नेमके त्यामुळेच गंभीर होतात. उत्तर भारतात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे, तोही असाच डोकावतो. पण या लक्षणांमागचा दुसरा मोठा संशयित म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग.

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवा पडलेला असतो. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढासा अवयव, पण कामे दोन आणि दोन्ही अत्यावश्यक. अन्न पचवणारा रस तो लहान आतड्यात सोडतो आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन तयार करतो. त्याचे डोके लहान आतड्याच्या वळणात बसलेले असते आणि यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच आतड्याकडे जाते. निम्म्याहून अधिक गाठी याच भागात होतात. गाठ वाढली की नळी चेपते, पित्त माघारी फिरून रक्तात उतरते आणि डोळे पिवळे होतात. एका अर्थी हे रोगी नशीबवान, कारण त्यांना निदान सूचना तरी मिळते. स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीकडे झालेली गाठ पित्तनलिका सहसा दाबत नाही. ती गुपचूप वाढते आणि मागच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचली की पोटातून पाठीत जाणारी कळ सुरू होते. उताणे झोपले की ही कळ वाढते, पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते. कितीतरी जण त्यावर 'गॅस'ची औषधे आणि कमरेचे मलम वापरत महिने काढतात.

आणखी एक खूण सहसा कोणी ध्यानात घेत नाही. घराण्यात मधुमेह नसताना, वजन वाढलेले नसताना पन्नाशीनंतर एकाएकी साखर वाढते आणि वजन उतरू लागते. अशा नव्या मधुमेहींपैकी शंभरात एखाद्यालाच हा कर्करोग निघतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण मधुमेहासोबत वजनही झपाट्याने घटत असेल तर केवळ साखरेच्या गोळ्या घेऊन थांबू नये, पोटाचा सीटी स्कॅन करावा की नाही हे डॉक्टरांना विचारावे. गाठ मागे दडलेली असल्याने साध्या सोनोग्राफीत ती अनेकदा दिसत नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' हे वाक्य इथे पुरेसे नसते. 'सीए १९-९' नावाची रक्ततपासणीही एकट्याने निवाडा देऊ शकत नाही. साध्या खड्याने झालेल्या काविळीतही ती वाढलेली दिसते आणि काही लोकांच्या रक्तात ते द्रव्य जन्मतःच तयार होत नाही.

मराठी वाचकांना या रोगाचे नाव माहीत झाले ते मनोहर पर्रीकरांमुळे. गोव्याचे मुख्यमंत्री, काही काळ देशाचे संरक्षणमंत्री, मुंबईच्या आयआयटीचे अभियंता. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल केले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज असल्याचे सांगण्यात आले होते. त्याच महिन्यात २२ तारखेला त्यांनी गोव्यात परत येऊन अर्थसंकल्प मांडला. मार्चमध्ये ते अमेरिकेला उपचारासाठी गेले, जूनमध्ये परतले, पुन्हा गेले. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर दिल्लीच्या एम्समध्ये होते. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, हे राज्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी उघडपणे सांगितले ते ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस, म्हणजे आठ महिन्यांनी. जानेवारी २०१९ मध्ये मांडवी नदीवरील अटल सेतूच्या उद्घाटनाला नाकात नळी घातलेले, ओळखू येणार नाहीत इतके कृश पर्रीकर लोकांनी पाहिले. ३० जानेवारीला त्यांनी आणखी एक अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, पणजीजवळ दोना पावला येथील घरी त्यांचे निधन झाले. पहिल्यांदा रुग्णालयात दाखल झाल्यापासून तेरा महिने.

ज्या माणसाला मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथील उत्तमातले उत्तम उपचार मिळाले, त्याला तेरा महिने मिळाले. ही गोष्ट झाशीतल्या एखाद्या कुटुंबाने शेत विकण्याआधी जरूर लक्षात घ्यावी. तिचा अर्थ 'उपचार करूच नका' असा मात्र नव्हे. पैशाने या रोगाचा स्वभाव बदलत नाही. बदल होतो तो रोग कोणत्या टप्प्यावर सापडला यामुळे, एवढेच ती सांगते.

हा कर्करोग माणसाला नेतो कसा? घरच्यांना हा प्रश्न विचारवत नाही आणि डॉक्टर आपण होऊन सांगत नाहीत. उत्तर मात्र समजण्यासारखे आहे. गाठ स्वतः क्वचितच मारते. ती जिथे बसते आणि जिथे पसरते तिथली कामे बंद पडत जातात. स्वादुपिंडातून निघणारे रक्त थेट यकृताकडे जाते, म्हणून रोगाचे बी पहिल्यांदा बहुधा यकृतातच रुजते. यकृत भरून गेले की रक्तातील विषारी द्रव्ये साफ होत नाहीत, ग्लानी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पोटाच्या आतल्या पडद्यावर रोग पसरला तर पोटात पाणी साचते. कोंडलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप भरतो आणि तो संसर्ग रक्तात भिनला तर एक-दोन दिवसांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून अशा रोग्याला हुडहुडी भरून ताप आला तर ती रात्र घरी काढू नये. पित्तनलिकेत नळी घालून पित्ताची वाट मोकळी करता येते आणि प्रतिजैविके देता येतात. टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी हा एक आहे.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा. या कर्करोगात रक्त चटकन गोठते. एक पाय अचानक सुजतो, पोटरी दुखते. तिथली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास लागून काही मिनिटांत प्राण जाऊ शकतात. कर्करोग आणि गुठळी यांचे हे नाते आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने १८६५ मध्ये सांगितले. दोनच वर्षांनी स्वतःच्या अंगात गुठळी दिसताच आपल्या पोटात काय आहे हे त्याने ओळखले आणि त्याच वर्षी तो गेला. आज एका पायाला आलेली सूज वेळेवर दाखवली तर रक्त पातळ ठेवणारी औषधे देता येतात.

पण सर्वांत जास्त रोगी खंगत जातात. घरातल्या बायकांच्या जिवाला सर्वाधिक लागते ते हेच. पाचक रस आतड्यात पोहोचत नसल्याने खाल्लेले अंगी लागत नाही, शौच तेलकट होते. त्याहून वाईट म्हणजे रोगामुळे शरीरात अशी रसायने सुटतात की भूक मरते आणि शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते. साजूक तुपातला शिरा, बदाम, प्रोटीनचे डबे, काहीही दिले तरी मांस झडत राहते. पत्नी ताट घेऊन बसते, दोन घास तरी खा म्हणून विनवते, शेवटी रडते. तो तिच्यासाठी घास गिळतो आणि उलटी होते. पुढे शोकसभेत कोणीतरी म्हणतेच, 'शेवटी शेवटी खायला मिळाले नाही हो.' असे म्हणणाऱ्याला गप्प करावे. माणूस न खाल्ल्याने जात नाही, जायला लागलेले शरीर खाणे नाकारते. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र इथेही करण्यासारखे पुष्कळ असते. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात. त्यांनी पोट फुगणे आणि तेलकट जुलाब कमी होतात, वजन काही काळ टिकते. हे औषध लिहून द्यायचे अनेकदा राहूनच जाते, म्हणून आठवणीने विचारावे. गाठीने जठराची वाटच बंद केली असेल आणि खाल्लेले तासाभराने जसेच्या तसे उलटत असेल, तर दुर्बिणीने आत जाळीची नळी बसवता येते.

आता तो प्रश्न, किती दिवस. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना हा रोग झाल्याचा आणि ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावल्याचा अंदाज आहे. होणारे आणि जाणारे यांच्या आकड्यांत एवढे थोडे अंतर फारच कमी कर्करोगांत दिसते. अमेरिकेसारख्या देशातही शंभरातले सुमारे तेराच रोगी पाच वर्षे पार करतात. भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग कमी आढळतो, पण ज्या घरात तो येतो त्या घराला या तुलनेचा काय उपयोग?

सरासरीपेक्षा टप्पा महत्त्वाचा. निदान होते तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ काढण्याजोगी असते. त्यांच्यावर 'व्हिपल' ही मोठी शस्त्रक्रिया करतात. ॲलन व्हिपल या अमेरिकी शल्यविशारदाने ती १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा एवढे काढून उरलेल्या नळ्या पुन्हा जोडायच्या असतात. हे पाच-सहा तासांचे किंवा अधिक वेळेचे काम आहे. शस्त्रक्रियेनंतर प्रभावी केमोथेरपी घेऊ शकलेल्या धडधाकट रोग्यांपैकी निम्मे साडेचार वर्षांहून अधिक जगले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. अमेरिकी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची गाठ २००९ मध्ये नेहमीच्या तपासणीत, जेमतेम सेंटीमीटरभर असताना सापडली. त्यानंतर त्या अकरा वर्षे जगल्या आणि न्यायदान करत राहिल्या. शेवटी, २०२० मध्ये, त्या गेल्या त्या स्वादुपिंडाच्या कर्करोगानेच.

रोग यकृतात पोहोचल्यावर शस्त्रक्रियेचा मार्ग बहुतेकदा बंद होतो. तेव्हा हिशेब महिन्यांचा. एकाच औषधाने निम्मे रोगी सुमारे सात महिने पार करत, चार औषधांच्या मिश्रणाने ते अकरा महिने झाले, असे २०११ च्या फ्रेंच अभ्यासाने दाखवले. काहीच उपचार न घेता तीन ते सहा महिने. 'निम्मे रोगी' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. अकरा महिने ही मुदत नाही. निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात, त्यातला एखादा दोन वर्षांनीसुद्धा नातवाच्या मुंजीला हजर असतो. स्टीव्ह जॉब्ज आठ वर्षे जगले म्हणून कोणी धीर देऊ लागले तर त्यांचा रोग वेगळा होता हे सांगावे. स्वादुपिंडातच होणारी, पण इन्शुलिनसारखी संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची ती संथ वाढणारी गाठ होती. म्हणूनच बायोप्सीच्या कागदावरचे नाव नीट वाचून घेणे आवश्यक असते.

झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या तपासण्यांसाठी गाव सोडावे लागत नाही. व्हिपलसाठी मात्र जिथे ती नेहमी होते अशाच ठिकाणी जावे. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचाहून कमी असते, वर्षातून एखाद-दुसरी करणाऱ्या ठिकाणी ते कितीतरी वाढते. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था, दिल्लीचे एम्स, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय हे पर्याय आहेत. वाराणसीलाही २०१९ पासून टाटाचे महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू आहे. मुंबईत मामा-मावशी असल्याने मराठी कुटुंबांचा ओढा टाटाकडे असतो, आणि कोणी नसले तरी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांना आसरा देते. पण आधी सीटी स्कॅनची सीडी आणि कागद पाठवून मत घ्यावे, 'नव्या' या ऑनलाइन सेवेमार्फत टाटाच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. काढण्याजोगी गाठ नाही असेच उत्तर येणार असेल, तर अकराशे किलोमीटरचा प्रवास खंगलेल्या माणसाकडून करवून घेण्यात अर्थ नसतो. केमोथेरपी जवळच्या शहरातही देता येते. जायचेच ठरले तर रेल्वेची सवलत विसरू नये. डॉक्टरांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र दाखवले की उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्ताला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे माफ असते, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ही योजना लागू आहे.

घरात एक गोष्ट हमखास होते. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, 'बाबांना काही सांगू नका.' हेतू मायेचाच. पण बाबांना कळतेच. दाराबाहेरची कुजबुज, एकाएकी भेटायला येणारे जावई, फाइलवरचे 'ऑन्कोलॉजी' हे अक्षर. मग दोन्ही बाजू एकमेकांसाठी नाटक करतात आणि बँकेतले खाते, भावाशी धरलेला अबोला, 'मला मशीनवर ठेवू नका' ही इच्छा, सगळे बोलायचे राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सोपी केली. सगळे एका दमात सांगावे असे नाही. 'तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?' एवढे त्यांनाच विचारले तरी पुरे. काही जण 'तूच बघ' म्हणतात. तेही उत्तरच.

वेदनांची भीती तर सर्वांनाच असते. या रोगाची कळ तीव्र असते हे खरे, पण ती सोसलीच पाहिजे हे खरे नाही. मॉर्फिनच्या गोळ्या घड्याळ लावून घेतल्या की बहुतेक रोगी शांत झोपू शकतात. सोबत बद्धकोष्ठाचे औषध हवेच. अमली पदार्थांच्या कायद्याच्या जाचामुळे हे स्वस्त औषध वर्षानुवर्षे दुकानात मिळत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी सर्वत्र ते मिळत नाही, म्हणून कुठे मिळेल याची चौकशी कळ वाढण्यापूर्वीच करून ठेवावी. व्यसन लागेल म्हणून गोळी हातची राखणारे नातेवाईक भेटतात, त्यांना डॉक्टरांसमोर बसवावे. गोळ्यांनी भागले नाही तर पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊनही कळ थोपवता येते.

शेवटच्या दिवसांत माणूस बराच वेळ झोपून असतो, पाणीही नको म्हणतो, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर वाजते. बघणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण ग्लानीत असलेल्याला तिचा त्रास होत असल्याचे सहसा दिसत नाही. कुशीवर वळवावे, ओल्या कापसाने ओठ पुसावेत, ओठांना थोडे तूप लावावे. सलाइनची बाटली लावण्याचा आग्रह या वेळी धरू नये. ते पाणी बहुधा फुप्फुसात आणि पायांतच साचते. ऐकू येणे शेवटपर्यंत राहू शकते, तेव्हा खाटेजवळ बसून वाटणीचे बोलू नये. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवायची की नाही, हे घरातल्यांनी दिवसाउजेडी ठरवून ठेवावे. घरीच राहू द्यायचे ठरले असेल तर अशा रात्री कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा आणि मृत्यूचा दाखला कोण देईल, हे आधी विचारून तो क्रमांक सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.